मंगलूची कावड

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

आजही दगड!

सगळ्यांनी आपापल्या पात्राचं सामान सांगितलं. वरदने मंत्रांच्या पोथ्या, सोनियाने तलवार आणि तंबू, गौतमने धनुष्य. आणि नाना शांतपणे म्हणाले, एका पारड्यात झिपरी, दुसऱ्यात दगड. वर पाणी आणि मूठभर चिवडा. वरदने डोक्याला हात लावला. त्याचं काय चुकलं? पण सासऱ्यांना मी काय बोलणार, नियम तर माझाच!

एकदा नीट लिहून काढते, म्हणजे डोकं तरी शांत होईल. रविवारी जेवणं आटोपली की आमच्या जेवणाच्या टेबलावर हा खेळ होतो. प्रत्येकाचं एक पात्र. गोष्ट मी चालवते, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. हे खूळ वरच्या मजल्यावरच्या वरदने घरात आणलं. त्याचं जाडजूड परदेशी पुस्तक बाजूला ठेवून मी आमचा खेळ बनवला — महानदीच्या वरचं जंगल, जुने गड, लुटारू. आणि वजन. बाकीचे लोक म्हणे वजनाकडे काणाडोळा करतात. त्यांचं पात्र तीन तलवारी, दोन शिड्या आणि एक पेटारा घेऊन डोंगर चढतं. मी शाळेत फिजिक्स शिकवते, माझ्या टेबलावर हे चालायचं नाही. पात्राचं बळ गुणिले तीन, तितके किलो. त्यावर एक लोटासुद्धा नाही. आणि मर्यादेच्या अर्ध्यावर वजन गेलं की चाल अर्धी.

कावडीचा नियम खास नानांसाठी केला होता. त्यांचा मंगलू हमाल आहे. कावड घेतली तर मर्यादा दुप्पट, पण दोन्ही पारडी सारख्या वजनाची हवीत, नाहीतर ती खांद्यावर ठरत नाही. किती खूश झाले होते तेव्हा! खराट्याची काडी, दोरा आणि बाटलीची दोन झाकणं घेऊन चिमुकली कावडच करून आणली. ती टेबलावर नकाशात असते. एका झाकणात सुपारी, ती झिपरी. दुसऱ्यात बूढा तलावाच्या काठावरून आणलेले खडे.

बेशुद्ध माणूस पाठीवर घेऊन दिवसभर चालता येत नाही, हाही माझाच नियम. म्हणून कावड. कावड म्हणून समतोल. समतोल म्हणून दगड. झिपरी शेहेचाळीस किलो, दगड शेहेचाळीस किलो, आणि मंगलूची मर्यादा शहाण्णव. कुऱ्हाडसुद्धा बसत नाही. लुटारू आल्याचा निरोप गडावर पोचवायचाय, आणि एका मंगलूपायी सगळी टोळी रांगत चालते. आज दुसरं गाव लुटारूंनी जाळलं. आम्ही पोचलो तेव्हा नुसती राख.

झिपरी हे आईंचं पात्र होतं. सासूबाई. मे महिन्यात गेल्या.

सोमवार, १५ सप्टेंबर

शाळेतून आले तर नाना आणि गौतम, बापलेक दोघंही घरात, दोन खोल्यांत. पंख्यांचे आवाज तेवढे.

मेमध्ये गौतम कंपनीच्या कामाने मेघालयात होता. आईंना सकाळी छातीत दुखलं, हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं होतं. रायपूरचं मेचं ऊन. नीलकंठकाका — नानांचे धाकटे भाऊ — दुपारी गोंदियाहून पोचले. जमलेले सगळे म्हणू लागले की सूर्यास्ताच्या आत करायला हवं. गौतम फोनवर सांगत होता, कोलकात्यापर्यंत आलोय, सकाळी पोचतो, बर्फाची पेटी मागवा. काकांनी नानांना विचारलं, काय करायचं? नाना खुर्चीत बसले होते. म्हणाले, चला.

गौतम आला तेव्हा जिना धुऊन झाला होता. आईचं तोंड दिसलं नाही, खांदा देता आला नाही. एकुलता एक मुलगा. तो ओरडला नाही, रडलाही नाही. आंघोळ केली, अस्थी वेचायला गेला, आला. तेव्हापासून नानांशी हिंदीत बोलतो. खाना लग गया. दवाई ले लीजिए. जन्मापासून घरात मराठी बोललेला माणूस! परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं बोलतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज आईंची खूप आठवण आली. पेपर तपासता तपासता एकदम हसू फुटलं.

आम्ही खेळायला लागलो तेव्हा पहिले दोन रविवार आई दारात उभ्या राहून बघत होत्या. तिसऱ्या रविवारी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "मले काहून नाही घेत?" मी म्हटलं, वैद्य व्हा, टोळीत वैद्य नाही. तर म्हणे, जनमभर सगळ्यांची औषधंच करून राहिली, आता जरा चोरी करू दे. झाली झिपरी चोर! पात्राचं वजन विचारलं तर म्हणाल्या, माझंच लिही. पहिल्याच दिवशी मंगलूच्या गाठोड्यातला चिवडा चोरला. नाना खरोखर चिडले, संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

त्यांच्या शेवटच्या रविवारी झिपरीला विषारी बाण लागला. वाचवायला त्यांनीच फासा टाकला, दोन पडले. पात्र बेशुद्ध. आई हसत उठल्या. पुढच्या रविवारी पाहू, म्हणाल्या. त्या आठवड्यातच गेल्या.

ऑगस्टमध्ये वरदने हळूच विचारलं, दीदी, फिर से शुरू करें? पहिल्याच दिवशी मी विचारलं, झिपरीचं काय करायचं? तिला बरं करणं माझ्या हातात होतं. पण शुद्धीवर आली की बोलणार कोण? तिच्या आवाजात मी बोलू? आणि ती मेली असं सांगायला जीभ उचलेना. मग नानांनी ती सुपारी उचलून झाकणात ठेवली. मी घेतो, म्हणाले.

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री अमावस्या. आमच्याकडे पहिलं वर्ष, त्यामुळे यंदा काही करायचं नाही. सकाळपासून घर नुसतं बसून होतं. दुपारी खेळ घेतला तो त्यामुळेच.

टोळी एका पाड्यावर पोचली. तिथे मी मुद्दाम एक म्हातारी वैदू ठेवली होती. ती म्हणाली, या बाईला माझ्याकडे ठेवा, मी तिची सेवा करते, तुम्ही गडावर निरोप पोचवून परत या. मला वाटलं, यापेक्षा सोपी वाट काय असू शकते. ठेवायचं, सोडायचं नाही. नाना नाही म्हणाले. मी म्हातारीच्या तोंडून आणखी दोनदा विचारलं. नाही. पुढे चढ आहे, झेपणार नाही, असंही सांगितलं. तर चिवडा आणि पाणीही खाली ठेवलं. मंगलू उपाशी चालेल, म्हणाले.

सोनिया निघताना चपला घालत थांबली. ती माझ्याच शाळेत हिंदी शिकवते, आईंची लाडकी होती. म्हणाली, अपर्णा, मला हे बघवत नाही गं, मी इथे रविवार घालवायला येते, इथे तर मला सुतकात बसल्यासारखं होतं. मी तिला थांब म्हटलं नाही. ये मात्र, म्हटलं.

नानांना आईंना सोडवतच नाहीये. हे उघड आहे. माणूस गेलं हे मनाने घेतलेलं नाही त्यांच्या.

मंगळवार, २३ सप्टेंबर

रात्री जेवताना नाना म्हणाले की नीलकंठकाकांचा फोन आला होता. गोंदियाला एक खोली रिकामीच आहे. दोघं भाऊ राहू. "दिवाळीच्या आधी जाऊन राहिलो म्हणतो." गौतम भाजी वाढून घेत होता. तो म्हणाला, जैसा आपको ठीक लगे.

बस! एवढंच! रेल्वेत छत्तीस वर्षं रायपुरात काढली त्या माणसाने, हा मुलगा इथेच वाढवला, आणि त्याला म्हणायचं ‘जैसा आपको ठीक लगे’!

शुक्रवार, २६ सप्टेंबर

गौतमशी भांडले. उपयोग शून्य. म्हणाला, तुला कळत नाही. मग कुशीवर वळला.

शनिवार, २७ सप्टेंबर

मला कळतं ते इतकंच. रविवारचे ते तीन तास सोडले तर हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. टेबलावर मंगलू सरजूला म्हणतो, मागं पाह्य बे पोट्ट्या, आणि सरजू मागे बघतो. सरजू म्हणजे गौतमचा तिरंदाज. तिथेही हिंदीच, पण बोलतो तरी. खेळ मोडला तर नाना गोंदियाला जाणार. मग हे दोघं भेटायचे ते कुणाच्या तरी मयतीलाच.

आणि खेळ मोडत चाललाय, तो या कावडीपायी. मी नियम केला, मीच अडकले.

रविवार, २८ सप्टेंबर

वरदने आज विषय काढलाच. चांगला मुलगा आहे, आवाज चढवला नाही. दीदी, लोड लिमिट हटा दीजिए ना, म्हणाला, ज्यादातर लोग तो मानते ही नहीं. सोनियाने लगेच मान हलवली. गौतम फोनमध्ये.

मी तयारच होते. कालच ठरवलं होतं की नियम गेला खड्ड्यात. वजन नाही तर दगड नाहीत, चाल अर्धी नाही, झिपरी आपली राहील टोळीबरोबर. आईंसाठी मी न्यूटनशीही भांडले असते. म्हटलं, ठीक आहे, आजपासून वजन धरायचं नाही.

तर नाना म्हणाले, नाही. मी म्हटलं, नाना, तुमच्याच सोयीसाठी. त्यांनी कावड उचलली, झाकणं सारखी आहेत का ते बघितलं आणि परत ठेवली. "वजनच नाही तं मग उचलण्यात का राह्यलं, पोरी? राहू दे तुझा नियम."

चाल अर्धीच. तिसरं गाव जळलं.

बुधवार, १ ऑक्टोबर

पूल.

दिवसभर डोक्यात तेच. वर्गात लिव्हर शिकवत होते, तेव्हा सुचलं. दरीवर एक जुना वेलींचा पूल. एका वेळी एकच माणूस, तोही हलका. मंगलू कावडीसकट जाऊच शकत नाही. झिपरी अलीकडे ठेवावी लागेल. पलीकडे गड, निरोप, शेवट. नियमातच बसतं सगळं, कुणी म्हणणार नाही की अपर्णाने मुद्दाम केलं.

मुद्दाम करतेय. लबाडी आहे. पण त्यांना एकदा तिला खाली ठेवावीच लागेल. जखमेवरची पट्टी कुणीतरी ओढायला हवी, नाहीतर नाना इथेही बरे होणार नाहीत आणि गोंदियालाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. पुरणपोळी नाही, तोरण नाही. नाना तलावापर्यंत फिरून आले. येताना सोनं विकत आणलं नाही, पण गल्लीतल्या पोरांनी दिलेली आपट्याची चार पानं खिशात होती. ती गौतमच्या टेबलावर ठेवली. संध्याकाळी पानं तिथेच होती.

रविवार, ५ ऑक्टोबर

लिहू नये असं वाटतं इतका वाईट दिवस.

पुलाचं वर्णन मी छान केलं. फारच छान. वाऱ्याने हलतो, वेली करकरतात, खाली नदी पांढरी दिसते. वरद आधी गेला, मग सोनिया, मग गौतम. फासे चांगले पडले, तिघंही पलीकडे. वरद टाळी वाजवणार होता, तेवढ्यात सगळ्यांचं लक्ष नानांकडे गेलं. मी सांगितलं की पूल मंगलूला तेवढा पेलेल, कावड नाही. माझा आवाज मास्तरणीसारखा येत होता, मलाच ऐकू आला.

नाना म्हणाले, "तुम्ही जा. मी इथंच थांबतो."

मी म्हटलं, नाना, मग मंगलू खेळातून बाहेर राहील. हव, म्हणाले. रागावले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि पुढचे दोन तास आम्ही पलीकडे चालत होतो, गडाच्या पायथ्याशी लुटारूंशी लढत होतो, आणि नाना टेबलाच्या त्या टोकाला समोर कावड ठेवून बसून होते. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. उठून खोलीतही गेले नाहीत. बसून राहिले.

गौतमची पाळी आली. त्याने फासा टाकला, तो किती पडला ते न बघताच उठला आणि बाल्कनीत गेला. परत आला नाही. वरद आणि सोनिया कधी गेले मला कळलं नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

मी पट्टी ओढायला गेले आणि कातडीच निघाली. मोठी शहाणी!

बुधवार, ८ ऑक्टोबर

नानांनी तिकीट काढलं. गोंदिया, एकोणीस तारखेचं, दिवाळीच्या आदल्या दिवशीचं. मला दाखवलं, खालची बर्थ मिळाली म्हणून. दिवसाची गाडी, दोन-तीन तासांचा रस्ता, बर्थ कशाला हवी! पण रेल्वेचा माणूस. मी म्हटलं, दिवाळी तरी करून जा. म्हणाले, यंदा कसली दिवाळी.

गौतमला मी सांगितलं नाही. नानांनीही सांगितलं नसावं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सोनियाचा फोन. म्हणाली, उद्या येते, पण शेवटची. तूच बंद कर हा खेळ, चांगल्या शब्दांत, सगळ्यांचे आभार मानून. मी हो म्हटलं. काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. निरोप गडावर पोचला, लुटारू हरले, टोळी आपापल्या गावी गेली. मंगलू पुलाच्या अलीकडे राहिला. हे शेवटचं वाक्य कसं म्हणायचं ते मात्र सुचत नाही.

गौतमने तिकीट पाहिलं. फ्रिजवर चुंबकाखाली लावलंय नानांनी, दिसणारच. पाण्याची बाटली हातात घेऊन तिथेच उभा होता, किती तरी वेळ.

रविवार, १२ ऑक्टोबर

जसं झालं तसं लिहिते.

सगळे बसले. नाना आपल्या टोकाला, समोर कावड. मी सुरुवात केली, की आज शेवट करायचा, गडाचा दरवाजा उघडलाय. आधी सोनियाचं ऐकलं, मग वरदचं. मग गौतमला विचारलं, सरजू काय करतो?

गौतम म्हणाला, सरजू परत पुलावर जातो.

वरदला वाटलं त्याची ऐकण्यात चूक झाली. भैया, गढ़ इधर है, म्हणाला. गौतमने त्याच्याकडे बघितलंही नाही. सरजू पूल ओलांडून अलीकडे येतो, म्हणाला. मी फासा टाकायला सांगायला हवं होतं. पूल आहे, वारा आहे, नियम आहे. सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा नियम गिळला.

गौतम खुर्चीवरून उठला. टेबलाला वळसा घालून नानांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आणि त्यांच्याशी मराठीत बोलला. मेनंतर पहिल्यांदा.

"नाना, कावडीचं एक टोक माझ्याकडे द्या."

नानांनी मान वर करून बघितलं. मग विचारलं, दगडांचं काय करू? गौतम म्हणाला, "काढा ते. दोघं असले की दगड लागत नाहीत."

माझ्या डोक्यात आपोआप हिशेब झाला, मेली सवय! झिपरी मध्ये बांधली, काठी दोन खांद्यांवर, तर प्रत्येकाच्या वाट्याला तेवीस किलो. मंगलूला काहीच नाही. सरजूला काहीच नाही. चाल पूर्ण. वरदचा मांत्रिकही पेलू शकला असता, सोनियाची सरदारीणही. पहिल्या दिवसापासून नियमात बसत होतं. आम्ही इतके रविवार मंगलूची मर्यादा मोजत बसलो, त्याने काय टाकावं ते सांगत बसलो, त्याच्यावर चिडलो. एकाने — चार माणसांत एकाने — म्हटलं नाही की एक टोक मी धरतो. मला तर फिजिक्स येतं!

नानांनी झाकणातले खडे एकेक करून काढले. टेबलावर ओळीने ठेवले. मग दोऱ्याने सुपारी काडीच्या मध्यावर बांधायला लागले. बोटं ऐकत नव्हती. गौतमने गाठ मारली.

कुठं न्यायची, नानांनी विचारलं. गौतम म्हणाला, खाली, नदीवर. मग म्हणाला, "आई गेली ना, नाना. खाली नदीवर नेऊ."

हव, नाना म्हणाले.

एकाने या टोकाला चिमटीत धरलं, एकाने त्या. नकाशावर डोंगरावरून नदीपर्यंत वीतभर अंतर असेल. त्यांनी ते अगदी हळू पार केलं. वरद उठून उभा राहिला. सोनियाही. मध्येच काडी वाकली, खराट्याचीच ती, तर वरदने काही न विचारता खालून एक बोट लावलं. मग सोनियाने. निळ्या पेनाने काढलेल्या नदीपाशी त्यांनी सुपारी ठेवली. मी गोष्ट चालवणारी, मी काहीतरी बोलायला हवं होतं. तिथे वाळू आहे, मोहाचं झाड आहे, असं काहीतरी.

गौतम खालीच बसला, फरशीवर, नानांच्या गुडघ्याला डोकं लावून. आणि रडला. लहान मूल रडतं तसा, आवाज करून. पाच महिन्यांचं. नाना त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मी वरद आणि सोनियाला घेऊन जिन्यात गेले. तिथे आम्ही तिघं पायऱ्यांवर बसून होतो. वरदही रडत होता, म्हणत होता, दीदी, मैं कितना चिल्लाया उनपे. त्याला म्हटलं, चिल्लाया नाही रे. मी बांधला होता ना पूल.

सोमवार, १३ ऑक्टोबर

गौतम ऑफिसला गेला नाही. दुपारी दोघं तलावाकडे गेले, भजी खाऊन आले. नानांना भजी वर्ज्य आहेत. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तिकीट फ्रिजवरच आहे. पण गौतम त्याच गाडीचं स्वतःचं तिकीट शोधत होता. चार दिवस जातो म्हणाला, काकांकडे दोघं राहू आणि दोघं परत येऊ. नाना ‘पाहू’ म्हणाले. त्यांचं ‘पाहू’ म्हणजे कधी हो असतं, कधी नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सकाळी नाना मेथी निवडत बसले होते. मी शेजारी बसले आणि विचारलंच. नाना, आईंना सोडवत नव्हतं का हो तुम्हाला? इतके दिवस तिला खाली का ठेवली नाही?

त्यांनी मान वर केली नाही. काड्या एकीकडे, पानं एकीकडे.

"मी तं तिले त्याच दिवशी सोडली, पोरी. मीच अग्नी देल्ला ना. पण त्या दिवशी या पोट्ट्यासाठी थांबलो नाही. म्हून इथं थांबलो होतो."